नाहूरच्या बाकावरचं सासर

काकी,

या गुरुवारी नाहूर आलं आणि मी उठले नाही. मुलुंडहून गाडी सुटली की पर्स खांद्याला लावायची आणि दाराशी जाऊन उभं राहायचं, हे पायांना इतकं पाठ झालंय की गुडघे हातांनी धरून बसावं लागलं. दारातल्या एका रोजच्या बाईनं वळून विचारलं, "उतरायचंय ना तुम्हाला? गुरुवार आहे." मी नाही म्हणून मान हलवली. माझ्यासाठी बाजूला झालेली ती पुन्हा दारात सरकली. गाडी निघाली, आपला बाक खिडकीतून मागे गेला. कॉलेजातली एक मुलगी त्यावर बसली होती. तुम्ही बसायचात त्या जागी तिची बॅग होती.

तुमचे दिवस होऊन गेले. गावाहून आलेली माणसं परत गेली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. भोळी होती, सोसलं बिचारीनं, कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मी चहाचे कप फिरवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही माणसं नक्की कुणाबद्दल बोलतायत? माझ्याशी तर तुम्ही दर आठवड्याला भांडलात. त्यातली काही भांडणं अजून बाकी आहेत.

पहिली भेट आठवते? माझ्या मुलुंडच्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या खोलीत. संदेशचं आणि माझं लग्न होऊन तेव्हा काही महिने झाले होते. आम्ही बौद्ध, बाबा जालन्याहून येऊन घाटकोपरला स्थिरावलेले. तुम्ही मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर परळ सोडून नाहूर गावातल्या चाळीत आलेले. रजिस्टर लग्नाला आमच्याकडून सगळे आले होते, तुमच्याकडून संदेशचा एक मित्र. "ती उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर पडेन, परत येणार नाही," असं माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. त्यावर संदेशनंही त्या घराचं नाव टाकलं. विक्रोळीला आम्ही भाड्याची खोली घेतली. मला सासर आहे हे तेव्हा फक्त माझ्या नव्या आडनावावरून कळायचं.

त्या सकाळी केसपेपरवर तेच आडनाव होतं. गुडघ्याचा फोटो. मी दारात येऊन नाव पुकारलं, तर फिक्या जांभळ्या साडीतली, अबोलीचा वळेसर माळलेली एक ठेंगणी बाई उठली. दुखऱ्या गुडघ्याच्या मानानं फारच टुणकन उठली. टेबलावर झोपवून मी म्हटलं, "मावशी, आता पाय हलवू नका."

"हलणा नाय गो," तुम्ही म्हणालात. "पायाक काय एक झाला नाय. मी तुका बघूक इलंय. डॉक्टराक खोटा सांगितलंय."

मी काचेमागे जाऊन बटण दाबलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. बाहेर रांग होती, बोलायला जागा नव्हती. साडी सारखी करता करता तुम्ही माझ्याकडे नीट बघून घेतलंत, वरपासून खालपर्यंत, बाजारात बांगडा बघतात तसं. मग म्हणालात, "हयसर नको. तू विक्रोळीक जातंस ना? वाटेत नाहूराक उतर. गुरवारी संध्याकाळी. ते भजनाक जातत."

मी येईन असं म्हटलं नव्हतं. खरं तर राग आला होता. नवरा भजनाला गेल्यावर गुपचूप भेटणारी सासू मला नको होती. संदेशला सांगितलं तर तो इतकंच म्हणाला, "बघ बाबा. मी त्या स्टेशनवर उतरणार नाही." पण गुरुवार आला आणि मी उतरले. आई झालेली बाई खोटं दुखणं घेऊन हॉस्पिटलच्या रांगेत बसते, म्हणजे तिला काय झालं असेल, एवढा विचार मनातून जाईना.

नाहूरला मी त्याआधी कधी उतरले नव्हते. कुणीच उतरत नाही असं वाटायचं. मुलुंड आणि भांडुपच्या मधलं एवढंसं स्टेशन, डोळे मिटून उघडेपर्यंत मागे पडणारं. गाडी गेली की प्लॅटफॉर्मवर दोनचार माणसं उरायची, तीही पुलाकडे लागायची, मग मिठागरांकडून येणारा वारा तेवढा राहायचा. फास्ट गाड्या आपल्याकडे न बघता धडधडत जायच्या. त्या जात असताना वाक्य अर्धं सोडायचं आणि गेल्यावर तिथूनच उचलायचं, ही सवय आपल्याला फार लवकर लागली. पुढे घरीसुद्धा मी बोलता बोलता मधेच थांबले की संदेश म्हणायचा, "काय, फास्ट जातेय का?"

मी तुम्हाला "आई" म्हटलं तर तुम्ही लगेच थांबवलंत. "माका आये म्हणा नको. तुझी आये जिती आसा. काकी म्हण." मला ते आधी लागलं. मग आवडलं.

आणि तुम्ही डबा उघडलात. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मी डबा पुसून खाल्ला, तुम्ही बाजूला पदर सावरत बसून राहिलात. पुढच्या गुरुवारी फणसाची भाजी. त्याच्या पुढच्या गुरुवारी घावणे आणि नारळाचा रस. मग मी माझ्या हातची बटाट्याची भाजी आणि चपाती घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "आज माजो उपास. गुरवार ना."

ठीक. पुढच्या वेळी मी साबुदाण्याची खिचडी आणली. तुम्ही म्हणालात, पोट बरं नाही. त्याच्या पुढच्या वेळी केळी आणली. केळं मात्र तुम्ही घेतलंत. सोलून खाल्लंत. सालीच्या आतलं केळं, काकी. मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात शुक्रवारी भेटू."

"शुक्रवारी संतोषी मातेचो."

"मग सोमवारी."

"सोमवार तर होयोच."

"काकी, तुम्ही जेवता कधी मग?"

तुम्ही हसलात. मी हसले नाही. गाडी आली आणि मी चढून गेले, वळूनही पाहिलं नाही. पण पुढच्या गुरुवारी परत उतरले. का उतरले हे विचारू नका. तुम्ही संदेशच्या लहानपणीच्या गोष्टी अशा सांगायचात की त्या ऐकताना माझा राग जागेवर राहायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून हसायचे.

आमच्या घरात मात्र यावरून चर्चा व्हायची. माझी आई म्हणायची, "तुला खाऊ घालती, तुझं खात न्हाई. ह्याला काय म्हनायचं?" मी म्हणायचे, त्यांच्या घरचं वळण आहे, हळूहळू होईल. आई म्हणायची, "किती हळू?"

मग मैत्री पोटात असताना मला सातवा महिना लागला. त्या गुरुवारी माझ्या तपासणीसाठी आई हॉस्पिटलात आली होती. परतताना म्हणाली, "मी बी उतरते. बघू दे तुझं सासर." तिच्या पिशवीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची सुकी चटणी होती, फडक्यात बांधलेली.  म्हटलं, आज या बाकावर काहीतरी फुटणार.

तुम्ही दोघी एकमेकींना नमस्कार करून बसलात आणि मी मधे. थोडं हवापाण्याचं झालं. मग आईनं फडकं सोडलं.

"घ्या ईहीणबाई."

"आज उपास माजो."

"कुनाचा?"

"दत्ताचो."

"मग दत्त समजून घेईल. लेकराच्या आज्जीनं खावं म्हनून थापलीय सकाळी." आईनं भाकरीचा चतकोर पुढे धरला. "हितं कोन बघायलंय?"

तुम्ही समोर पाहिलंत. रुळांच्या पलीकडे, कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर. आणि शांतपणे म्हणालात, "बघतत. थयसर उभे आसत ते. पांढरो शर्ट."

मी त्या माणसाला पाहिलं होतं, काकी. कितीतरी गुरुवारी. पांढरा शर्ट, काखेत छत्री, ताठ उभा. गाड्या यायच्या-जायच्या आणि तो कुठल्याच गाडीत चढायचा नाही. मला वाटायचं, कुणाला तरी न्यायला येत असेल बिचारा. घरात सासऱ्यांचा एकही फोटो नव्हता. मला कसं कळणार?

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले बरेच म्हयने. भजन सोडलंनी."

आईनं मान उंच करून पलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना भीती. ती म्हणाली, "त्येच व्हय? मग तर खाच तुम्ही."

आणि तुम्ही भाकरी घेतलीत. मोडलीत. ठेचा लावलात, जरा जास्तच, कोकणातल्या माणसाला जालन्याच्या ठेच्याचा अंदाज नसतो. पहिला घास घेतलात आणि डोळ्यांतून पाणी आलं. आईनं पाण्याची बाटली पुढे केली, ती तोंड लावून प्यायलात. पलीकडच्या प्लॅटफॉर्मकडे तोंड करून तो चतकोर अख्खा खाल्लात. हात पुन्हा पुढे केलात, "आनी दी."

तेवढ्यात समोर कल्याणकडची गाडी येऊन थांबली. डब्यांच्या आड ते दिसेनासे झाले. गाडी गेली. ते तिथेच होते. मग त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. चाळ त्यांच्याच बाजूला. घरी जायला पूल चढायची गरज नव्हती. आपल्या तिघींच्याही हे लक्षात आलं. ते पुलाच्या मधोमध आले. कठड्याला हात लावून थांबले. खाली आपण होतो. मग परत फिरले आणि आले तसे उतरून निघून गेले.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर काय झालं, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. तुमचं उत्तर ठरलेलं. "काय होवचा? चाय केलंय. तेंनी घेतल्यानी." मधलं काही कधी सांगितलं नाहीत. मी तुमच्या हातांकडे बघायचे, चेहऱ्याकडे बघायचे, काही दिसतंय का. फोटो काढायचं काम माझं, पण तुमच्या आतलं मला कधी दिसलं नाही.

मैत्री झाली. पहिल्यांदा तुम्ही तिला त्याच बाकावर मांडीवर घेतलंत. त्या दिवशी तिला मुलुंडच्या हॉस्पिटलात दाखवून परतताना संदेशही बरोबर होता. लग्नानंतर पहिल्यांदा नाहूरला उतरला, पुलाकडे बघितलंच नाही, सरळ बाकाशी आला. तुम्ही मुलीच्या टाळूवर हात फिरवलात, मग मुलाच्या डोक्यावर, आणि मग दोघांनाही सोडून नाक पुसत बसलात. ते समोर होतेच. संदेशनं हात वर केला. त्यांनी छत्री जरा सारखी केली. बापलेकांचं एवढंच बोलणं.

तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "दाखव गो तेंका चेडू एकदा. उचलून धर. नजरेन बघांदेत."

मी मैत्रीला घेतलं आणि पलीकडे पाठ करून बसले.

"पूल आहे ना काकी. चढून यावं त्यांनी."

"अर्धो चढलेले. उरलेलो अर्धो तू चढ."

"मी का?"

हे भांडण कितीतरी वर्षं चाललं. मैत्री रांगायला लागली, चालायला लागली, बाकावर उभी राहून फास्ट गाडीला टाटा करायला लागली, तरी चाललं. तुम्ही म्हणायचात, म्हातारो माणूस, मन मोठा कर. मी म्हणायचे, मन मोठं करायचं काम दर वेळी आमच्याकडेच का येतं? तुम्ही म्हणायचात, ते वाईट नाहीत. मी म्हणायचे, वाईट नसलेल्या माणसांनीच आम्हाला बाहेर ठेवलंय. एकदा तुम्ही म्हणालात, "तुझा बरोबर आसा. पण बरोबर रवान काय करतलंस?"

 मी आजही सांगते, पूल त्यांनीच चढायला हवा होता. तुम्ही गेलात म्हणून मी हे भांडण तुम्हाला जिंकू देणार नाही.

मग ती साथ आली. लोकल फक्त आमच्यासारख्यांसाठी चालू होती, हॉस्पिटलवाल्यांसाठी. मी नाहूरला उतरू शकत होते, तुम्हाला आत यायला बंदी. मग तुम्ही बाहेर रस्त्यावर येऊन उभ्या राहायचात आणि मी पायऱ्यांवर, मधे भरपूर अंतर ठेवून. मास्कमधून ओरडून तुम्ही विचारायचात, जेवलंस काय, मैत्री कशी आसा, तुमच्याकडे माणसा मरतत काय. आणि ते? त्यांचा प्लॅटफॉर्मही बंद झालेला. उभं राहायला जागाच राहिली नव्हती. बंद पडलेल्या पानाच्या टपरीशी आपल्याकडे पाठ करून उभे असायचे. त्या दिवसांत मी त्यांच्या सगळ्यात जवळ आले होते, रस्त्याच्या रुंदीएवढी. एकदा मी जायला निघाले तर पाठ न वळवता त्यांनी तुम्हाला काहीतरी सांगितलं आणि तुम्ही मला ओरडून कळवलंत, "ते म्हणतत, हात धूय हा!" मी हसले. पायऱ्या चढता चढता रडले. दोन्ही कशासाठी, ते कळलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत ते झोपेतच गेले.

मी त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या चाळीचा जिना चढले. दारात पोचले आणि पाय उंबऱ्याशी थांबले. आत माणसं बसली होती, सगळ्यांनी वर पाहिलं. तुम्ही त्यांच्या उशाशी होतात. एवढ्या माणसांत तुम्ही आवाज चढवून म्हणालात, "भायर कित्या उभी? ये." मी आत आले. पाणी प्यायला द्यायला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले, आणि अशा वेळी करू नये ते केलं. मी ज्यातून खायचे तो बाकावरचा डबा मांडणीवर शोधला. तो वेगळा ठेवलेला असेल, एका बाजूला, असं इतकी वर्षं माझ्या मनात होतं. तो सगळ्या भांड्यांत होता, त्याच्यात तुम्ही तूरडाळ भरून ठेवली होती.

तेरा दिवस मी तिथे होते. नंतरही येत राहिले. आता दार उघडं होतं, कुणाची आडकाठी नव्हती. पण एक गंमत झाली. घरात आपल्याला बोलताच येईना. तुम्ही सारख्या उठायचात, चहा टाकायचात, कुणीतरी यायचं, टीव्ही चालू असायचा. मी पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर. शेवटी एका गुरुवारी तुम्हीच चपला घातल्यात. "चल गो, स्टेशनार जावया." आणि बाकावर बसल्याबरोबर आपण दोघी एकदम बोलायला लागलो, फास्ट आली तरी थांबलो नाही.

समोरचा प्लॅटफॉर्म रिकामा असायचा. तुम्ही बोलता बोलता तिकडे बघायचात. मीही बघायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमचं आजारपण फार लांबलं नाही, हे तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात दुपारी मी तुमच्याजवळ बसले होते. तुम्ही डोळे मिटून होतात. मी विचारलं, कारण नंतर विचारता येणार नाही हे मला तुमच्या फोटोंवरून दिसत होतं.

"काकी, एक सांगा. तेव्हा मला घरी का नेलं नाहीत? एकदा हात धरून नेलं असतं, तर काय झालं असतं?"

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तुका न्हेलंय असतंय, तर ते काय बोलले असते ता माका ठावक होता. ता आयकून मगे माका तेंच्याकडे रवाक जमला नसता. आणि त्या वयात जातलंय खय?"

मला ते पटलं. पण जुना सल होता, तो निघालाच. "मग निदान लपवायचं तरी नव्हतं मला. ते भजनाला गेले की, गुपचूप, स्टेशनवर. चोरीचा माल असल्यासारखं."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत. काहीतरी बोलाल असं वाटलं. मग माझा हात थोपटलात आणि म्हणालात, "मैत्रीक भूक लागली असतली. जा तू."

एवढंच. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. माझं वाक्य तुमच्यापाशी तसंच राहिलं.

चाळीतल्या खोलीचं काय करायचं हे दिवसकार्य झाल्यावर निघालं. कुणी म्हणालं भाड्यानं द्या, कुणी म्हणालं विका.  संदेशच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. आईबाबांच्या घरात परत राहायचं, ते दोघंही नसताना. मी म्हटलं, "आपण राहू." तो म्हणाला, "तुला चालेल? तिथे?" मी म्हटलं, "मला हॉस्पिटल जवळ पडेल."  त्यालाही ठाऊक आहे की एवढ्यासाठी कुणी घर बदलत नाही.

काल मी एकटीच झाडलोट करायला गेले. खिडक्या उघडल्या, तुमच्या साड्या घड्या घालून ट्रंकेत ठेवल्या. घामाघूम होऊन गॅलरीत आले तर शेजारच्या मंगलाबाई त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. साथीच्या वेळी त्या गावी गेल्या होत्या आणि आत्ताच परतल्या होत्या, त्यामुळे आमची ओळख नव्हती.

"भाड्यानं आलात काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. सून मी. संदेशची बायको."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगो बाय! तू ती स्टेशनवाली?"

मला कसंसंच झालं. म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"आख्ख्या चाळीला माहीत. शेवंतीच सांगायची ना, तुझी सासू." त्या हसल्या. "गुरुवारी डबा भरून नळावर यायची हातपाय धुवायला. सगळ्या बायका असायच्या पाण्याला, तेव्हा संध्याकाळचंही यायचं. आणि भाऊ, तुझे सासरे, भजनाला निघायचे नेमके त्याच वेळी. ते जिना उतरून आले की ही मुद्दाम मोठ्यानं सांगायची, सुनेक भेटूक जातंय! दर गुरुवारी हां. एकदा भाऊ म्हणाले, हळू बोल, लोक ऐकतात. तर म्हणते कशी, आयकांदेत, आयकूक होया म्हणानच बोलतंय. भाऊंचं तोंड बघायला पाहिजे होतंस. म्हणून तर भजन सुटलं त्यांचं. बुवा पण विचारायला लागले ना, सून आली का घरी म्हणून."

मी कठडा धरून उभी राहिले. काकी, हे तुम्ही मला हॉस्पिटलात का नाही सांगितलं? एक वाक्य होतं. माझ्या मनातला इतक्या वर्षांचा सल तुम्ही एका वाक्यात काढू शकत होतात. तुम्ही हात थोपटलात आणि मुलीच्या भुकेचं बोललात. स्वतःची बाजू मांडायची तुम्हाला लाज वाटली, की हे इतकं साधं आहे की सांगायचं काय, असं वाटलं? मला तुमचा अभिमान वाटतोय आणि तितकाच रागही येतोय. दोन्ही घेऊन मी काल त्या गॅलरीत उभी होते, आणि मंगलाबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी आतून पाणी आणून दिलं.

"बस जरा. राहायला येताय ना आता?"

"हो. याच आठवड्यात."

"बरं झालं. खोली बंद राहिली की घुशी होतात." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "हे बघ, आता पाणी पहाटेचंच येतं, आणि जातंही लवकर. उशीर केलास तर कोरडी राहशील. हंडा घेऊन ये आणि सरळ पुढे ये, मागे उभी राहू नको. शेवंतीचा नंबर माझ्या पाठचा होता. आता तो तुझा."

उद्या आमचं सामान येतंय. परवा पहाटे मी नळावर जाणार आहे, काकी.